दूरच्या नद्या, दारची नदी

१९४८ साल. महापालिकेचे अभियंता एन. व्ही. मोडक आणि अमेरिकन नगररचनाकार अल्बर्ट मेयर यांनी त्या वर्षी बृहन्मुंबईचा आराखडा सादर केला. बेटावर आता जागा उरलेली नाही, वस्ती आणि कारखाने उत्तरेला उपनगरांत न्यावे लागतील, असा त्याचा रोख होता. त्याच वर्षी लार्सन अँड टुब्रो या दहा वर्षांच्या कंपनीनं पवई तलावाच्या बाजूला ५५ एकर जमीन घेतली. तिथं तेव्हा दलदल आणि जंगल होतं. साकीनाका आज जसा आहे, तसा तो का झाला, हे समजून घ्यायचं तर १९४८ पासून सुरुवात करावी लागते.

अंधेरी-कुर्ला रस्ता पश्चिमेकडून पूर्वेला जातो, साकी-विहार रस्ता तलावांकडून खाली उतरतो आणि दोघांची गाठ पडते तो साकीनाका. मोहिली, मरोळ, चांदिवली, तुंगवे, आसल्फा ही भोवतालची गावं. भातखाचरं, टेकड्या, दगडाच्या खाणी आणि मधून वाहणारी नदी, असा हा मुलूख होता. १९५० साली कुर्ला-अंधेरीचा हा पट्टा बृहन्मुंबईत आला. आज खैरानी रोडवर एका गल्लीत प्लास्टिकचा दाणा तयार होतो, शेजारी लेथ चालतो, पुढं पिंपं धुतली जातात, वर पोटमाळ्यावर शिलाई मशिनं चालतात. या सगळ्याला तीन गोष्टी अखंड लागतात: पाणी, वीज आणि माणसांची ने-आण. गेली काही वर्षं मी या तिन्हींचा माग काढतो आहे. पाण्याचा आणि विजेचा माग प्रत्येक वेळी साकीनाक्यापासून शंभर-दोनशे किलोमीटर दूर, कुठल्यातरी नदीवर जाऊन पोचतो. दारातून वाहणारी मिठी मात्र त्या कुठल्याच हिशेबात सापडत नाही.

लार्सन अँड टुब्रोची गोष्ट आधी सांगतो, कारण त्या काळाचं बांधकामशास्त्र कुठून आलं हे तिच्यात दिसतं. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन क्रिस्टियान टुब्रो हे दोघं डॅनिश अभियंते. सिमेंट कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या कोपनहेगनच्या एफ. एल. स्मिथ कंपनीतर्फे ते भारतात आले आणि १९३८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची भागीदारी सुरू केली. १९४० मध्ये जर्मनीनं डेन्मार्क व्यापला. तिकडून येणारी यंत्रं बंद झाली, तेव्हा दोघांनी इथंच लहान कारखाना टाकून यंत्रं बनवायला घेतली. महायुद्धात त्यांनी जहाजांची दुरुस्ती केली. १९४४ साली बांधकामासाठी वेगळी कंपनी काढली. स्वातंत्र्यानंतर देशाला धरणं, पूल, वीजघरं, सिमेंटचे कारखाने हवे होते आणि त्यासाठी लागणारी यंत्रं बाहेरून आणायला परकीय चलन नव्हतं. पवईच्या दलदलीत उभा राहिलेला कारखाना ही त्या गरजेचीच उपज होती. साकी-विहार रस्त्यावर पाळी सुटल्यावर बाहेर पडणारा कामगारांचा लोंढा, त्यांच्यासाठी वसलेल्या चाळी, सुटे भाग पुरवणारे छोटे कारखानदार, हे सगळं त्या ५५ एकरांच्या आधारानं वाढलं. पुढं १९५८ मध्ये तलावाच्या पलीकडं आयआयटी आली. एका पिढीत खाचरांची जागा अभियंत्यांच्या वसाहतीनं घेतली.

एवढी माणसं वसवायची तर त्यांना पाणी कुठलं द्यायचं?

हा प्रश्न पुन्हा मोडकांच्याच टेबलावर आला. ज्या माणसानं उपनगरं वाढवा असं लिहिलं, त्यालाच त्या उपनगरांचं पाणी शोधायला जावं लागलं. मला या योगायोगाचं फार अप्रूप आहे. आज आराखडा एक खातं करतं, पाण्याची जबाबदारी दुसऱ्यावर असते आणि दोघांची भेट न्यायालयातच होते.

मुंबईचं नळाचं पाणी १८६० साली विहार तलावापासून सुरू झालं. मग तुळशी, मग १८९२ साली तानसा. तानसा धरणाची उंची आणि नळांची संख्या टप्प्याटप्प्यानं वाढवत शहरानं पन्नास-साठ वर्षं काढली. त्यापुढं तानसा पुरणार नव्हतं. शेजारच्या खोऱ्यात वैतरणा होती, सह्याद्रीतून उतरून थेट समुद्राला मिळणारी, चार महिने दुथडी भरून वाहणारी. तिच्यावर धरण बांधून बोगद्यानं पाणी तानसाच्या बाजूला आणायचं आणि तिथून पोलादी नळांनी मुंबईला न्यायचं, अशी ती योजना. १९५७ साली पाणी आलं. त्या जलाशयाला आज आपण मोडक सागर म्हणतो. मुंबईत पुतळे पुष्कळ आहेत. अभियंत्याचं नाव असलेला जलाशय हा एवढाच.

या योजनेतली सर्वांत देखणी गोष्ट धरणाच्या भिंतीपेक्षा उतारात आहे. धरणं शहरापेक्षा उंचावर असल्यानं पाणी मुख्यतः स्वतःच्या वजनानं खाली येतं. मैलोन् मैल नळ टाकताना उताराचा तो हिशेब कुठंही बिघडू द्यायचा नाही, दऱ्या ओलांडताना नळ फुटू द्यायचा नाही, टेकडी आली तर तिच्या पोटातून जायचं. हे काम संगणकाशिवाय, दुर्बीण, पट्टी आणि गणिताच्या जोरावर झालं. मोडक सागरातून मुंबईला दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर पाणी मिळतं. वरच्या वैतरणेचं धरण १९७३ साली झालं, मग भातसा, मग २०१४ मध्ये मध्य वैतरणा. आज शहराला दिवसाला सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी येतं. विहार आणि तुळशी या शहराच्या हद्दीतल्या दोन तलावांचा वाटा त्यात तीन टक्केही नाही. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पवईपासून कुर्ला-घाटकोपरपर्यंत माणसाच्या उंचीचे हे नळ वस्त्यांमधून जातात. ‘पाइपलाइन’ हा तिथल्या हजारो घरांचा पत्ता आहे. नळाच्या अंगावर कपडे वाळतात, मुलं नळावरून चालत शाळेत जातात. ज्यांच्या उशाशी वैतरणेचं पाणी चोवीस तास वाहतं, त्यांच्यातल्या कित्येकींना पहाटे उठून हंडा घेऊन रांगेत उभं राहावं लागतं. नळ इकडून नेणाऱ्या अभियंत्यांचा यात दोष नाही. पण पुढच्या सत्तर वर्षांत हा प्रश्न सुटला नाही, हे आपलंच अपयश आहे.

विजेचा माग याहून लांबचा. उपनगरांत वीज देणारी बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी १९२९ साली निघाली. ती वीज विकत घेई टाटांकडून, आणि टाटांची वीज येई सह्याद्रीच्या कड्यावरून: १९१५ साली खोपोली, १९२२ साली भिवपुरी, १९२७ साली भिरा. भिऱ्याचं पाणी मुळशीचं. त्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातल्या शेतकऱ्यांनी दिलेला लढा मराठी वाचकाला नव्यानं सांगायला नको. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस पूर्वेला वाहून जाण्याआधी अडवायचा आणि पश्चिमेला कोकणात सोडून त्या उंचीतून वीज काढायची, ही या तिन्ही योजनांमागची कल्पना. १९५६ साली ट्रॉम्बेला टाटांचं औष्णिक वीजघर आलं, तरी वाढत्या कारखान्यांची भूक भागेना. मग सगळ्यांची नजर कोयनेकडं वळली.

कोयनेवर मी थोडा रेंगाळणार आहे.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडं वाहत येते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. तिच्या खोऱ्यात पाऊस प्रचंड. आणि खोऱ्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या एका रांगेपलीकडं, जमीन एकदम कोकणात कोसळते. गेल्या शतकाच्या पहिल्या दशकांतच टाटांच्या लोकांनी ही जागा हेरली होती, पण ते बेत मागं पडले. १९५० च्या दशकात राज्य सरकारनं काम हाती घेतलं. कोयनानगरला १०३ मीटर उंच आणि आठशे मीटरहून लांब धरण बांधायचं. शिवसागर जलाशयातलं पाणी पावणेचार किलोमीटरच्या बोगद्यानं डोंगराच्या आत न्यायचं. तिथून पावणेपाचशे मीटर खाली, पोफळीजवळ, डोंगराच्या पोटात कोरलेल्या वीजघरातल्या चक्रांवर सोडायचं आणि मग चिपळूणच्या वाशिष्ठीत. पूर्वेला बंगालच्या उपसागरात जाणारं पाणी अरबी समुद्रात. हे काम सोपं नव्हतं आणि निष्पापही नव्हतं. पुढं कृष्णा खोऱ्याच्या पाणीवाटपात हे पश्चिमेला वळवलेलं पाणी हा वादाचा मुद्दा झाला आणि बच्छावत लवादानं त्याला मर्यादा घातली.

धरणासाठी निवडलेली पद्धतही त्या काळाची साक्ष देते. सिमेंट महाग आणि दुर्मीळ, दगड मात्र हवा तेवढा. म्हणून काँक्रीटमध्ये मोठाले दगड बसवत धरण चढवलं. तंत्रज्ञांच्या भाषेत हे रबल काँक्रीटचं धरण. काम चालू असतानाच धरणाची उंची आणि छेद यांत बदल झाले, त्यामुळं भिंतीच्या खालच्या अंगाला एका उंचीवर उतार अचानक बदलतो. हे बारकावे मुद्दाम सांगतो आहे. १९६२ साली कोयनेची वीज सुरू झाली. दोनच वर्षांपूर्वी जन्मलेल्या महाराष्ट्रानं कोयनेला भाग्यलक्ष्मी म्हटलं आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. मुंबई-पुणे पट्ट्यातल्या कारखान्यांची पुढची वीस वर्षांची वाढ तिच्या जिवावर झाली. या प्रकल्पाला जागतिक बँकेनं कर्जही दिलं.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट. जलाशय भरल्यापासून खोऱ्यात लहान लहान धक्के बसत होते. चार वाजून एकवीस मिनिटांनी मोठा बसला, सहाहून अधिक तीव्रतेचा. कोयनानगरची घरं पडली. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. धरणाला आडव्या भेगा पडल्या, त्या नेमक्या जिथं उतार बदलतो त्या उंचीजवळ. पण धरण फुटलं नाही. त्यानंतर अभियंत्यांनी आधी ताण दिलेल्या तारांनी भिंत शिवली, मग उंच भागाला मागून काँक्रीटचे भक्कम टेकू दिले. सहा वर्षांपूर्वी, १९६१ च्या जुलैत, पानशेत फुटून पुणं वाहून गेलं होतं. ती आठवण ताजी असताना भेगाळलेल्या धरणाशेजारी उभं राहून निर्णय घेणाऱ्यांच्या मनावर काय दडपण असेल, याची कल्पना करवत नाही. मोठ्या जलाशयाच्या भरण्यानं भूकंप होऊ शकतो का, या प्रश्नाचा अभ्यास जगभर होतो आणि त्यात कोयनेचं नाव पहिल्या ओळीत येतं.

शिवसागराखाली गेलेल्या गावांचे लोक सोलापूर, रायगड, ठाण्याकडं पांगले. कित्येकांच्या पुनर्वसनाचे प्रश्न साठ वर्षांनंतरही मोर्च्यांतून मांडले जातात. पाटण आणि जावळीतली तरणी पोरं त्याआधीपासूनच मुंबईला येत होती, गिरणीत आणि माथाडी कामात. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचेच. आसल्फा, घाटकोपर, साकीनाक्याच्या डोंगरउतारावरच्या चाळींत आजही सातारा जिल्ह्याच्या गावांची मंडळं आहेत, गणपतीला आणि जत्रेला गाड्या सुटतात. ज्या खोऱ्यानं वीज दिली त्या खोऱ्यानं माणसंही दिली. वीज मोजून दिली जाते, तिचं बिल निघतं. माणसांच्या बाजूचा हिशेब कुणी मांडला नाही.

रेल्वेबद्दल थोडक्यात, कारण साकीनाक्याच्या वाट्याला ती थोडकीच आली. ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची गाडी बोरीबंदरहून हार्बर मार्गानं कुर्ल्याला आली. पुढं कल्याण, मग घाट चढून पुणं आणि इगतपुरी. त्यासाठी ठाकुर्लीला रेल्वेचं स्वतःचं चोळा वीजघर १९२९ साली उभं राहिलं. हे सगळं उत्तर-दक्षिण. पूर्व-पश्चिम जोडणारी एक गाडीही होती: १९२८ साली सुरू झालेली सालसेट-ट्रॉम्बे रेल्वे, अंधेरीपासून कुर्ल्यामार्गे ट्रॉम्बेपर्यंत. वस्ती विरळ होती. १९३४ साली ती बंद पडली आणि रूळ उखडले गेले. वस्ती आली तेव्हा गाडी नव्हती. त्यानंतर ऐंशी वर्षं कुर्ला आणि अंधेरी या दोन स्टेशनांमधला सगळा भार ३३२ नंबरच्या बसनं आणि रिक्षांनी वाहिला. २०१४ च्या जूनमध्ये घाटकोपर-वर्सोवा मेट्रो आली, तेव्हा कुठं साकीनाक्याला स्वतःचं स्टेशन मिळालं. ती जुनी लाइन राहिली असती तर हे उपनगर वेगळं वाढलं असतं, असं मला ठामपणे वाटतं.

आता मिठी.

मरोळ आणि साकीनाक्याच्या दरम्यान अंधेरी-कुर्ला रस्ता एका पुलावरून जातो. पुलाला उंच जाळ्या आहेत, गाडीतून खालचं काही दिसत नाही. उतरून डोकावलं तर काँक्रीटच्या दोन भिंतींमधून काळं पाणी सरकताना दिसतं. नदीची लांबी जेमतेम अठरा किलोमीटर, पाणलोट सुमारे त्र्याहत्तर चौरस किलोमीटर. उगमाकडं उतार तीव्र, पाणी झपाट्यानं खाली येतं. साकीनाका ओलांडल्यावर जमीन सपाट, आणि माहीमच्या खाडीतून भरतीचं पाणी कुर्ल्याच्या दिशेनं चढतं. म्हणजे वरून घाई आणि खालून अडवणूक. अशी नदी सांभाळायला अवघड असते, हे कोणत्याही जलअभियंत्याला नकाशा पाहताच कळेल.

तिच्यावर पहिली कुऱ्हाड अभियंता हेन्री कॉनीबेअरच्या पाणीयोजनेनं घातली. त्या वेळच्या कागदपत्रांत नदीचं नाव गोपर असं आहे. १८५६ ते १८६० या काळात मातीचे बंधारे घालून गोपरचं वरचं खोरं अडवलं, तोच विहार तलाव. तहानलेल्या शहरासाठी ते काम योग्यच होतं. १८९१ च्या सुमारास पवईचा ओढाही अडवला. ते पाणी पिण्याच्या लायकीचं निघालं नाही, म्हणून पुढं ते कारखान्यांना आणि आरेच्या दूध वसाहतीला मिळत राहिलं. दोन्ही उगम बंद झाल्यावर उरली ती तलाव भरून वाहिल्यावरच नदी होणारी नदी. नोव्हेंबरपासून जूनपर्यंत तिच्यात स्वतःचं पाणी जवळपास नाहीच. मग जे सोडाल तेच ती वाहणार. खैरानी रोडचे रंग, पिंपांचं तेल, वस्त्यांचं सांडपाणी सगळं तिच्यात गेलं, आणि पन्नास-साठ वर्षांत लोक तिला नाला म्हणू लागले.

दुसरा घाव विमानतळाचा. महायुद्धात सांताक्रूझला हवाई दलाचा तळ होता. युद्धानंतर तो नागरी झाला, १९५८ साली नवी इमारत आली, विमानं मोठी होत गेली, धावपट्ट्या वाढल्या. नदी मधे येत होती. तिला धावपट्टीच्या कडेनं काटकोनात वळायला लावलं. वाहतं पाणी काटकोनात वळत नाही, ते वळणावर थबकतं, गाळ टाकतं आणि मागं फुगतं. पुढं १९७० च्या दशकापासून खालच्या अंगाला वांद्रे-कुर्ला संकुलासाठी खाजणात भराव पडला. प्रत्येक कामाचे नकाशे असतील, मंजुऱ्या असतील, प्रत्येक अभियंत्यानं आपापला तुकडा चोख केला असेल. उगमापासून मुखापर्यंत ही एक नदी आहे, असं धरून कुणी बसलं नाही. ज्या दशकांत वैतरणेचा उतार आणि कोयनेचा थेंब न् थेंब मोजला जात होता, त्याच दशकांत हे झालं, याचा मला मनापासून त्रास होतो. ज्ञान नव्हतं असं म्हणायला जागा नाही. ते ज्ञान याच शहरात, साकी-विहार रस्त्याच्या आजूबाजूला राहत होतं.

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, कुलाब्याला त्याच दिवशी ७३. विहार-पवई भरून वाहू लागले. मुंबईची पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून आखलेली. विमानतळाच्या वळणावर पाणी मागं फिरलं, कुर्ला-कलिना बुडाले. साकीनाक्याला टेकडीचा भाग झोपड्यांवर कोसळून कित्येक माणसं गाडली गेली. त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. देशाच्या जलसंपदा खात्याचं सचिवपद सांभाळलेला, १९९३ मध्ये स्टॉकहोम जल पुरस्कार मिळालेला हा मराठी अभियंता. मिठीकडं नदी म्हणून, अथपासून इतिपर्यंत, पाहिलं गेलं ते तेव्हा. पात्र रुंद करा, खोल करा, वळणं सैल करा, अतिक्रमणं हटवा, असं समितीनं सांगितलं. मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण ऑगस्ट २००५ मध्येच स्थापन झालं होतं. वीस वर्षांत पात्र बऱ्याच ठिकाणी रुंदावलं, भिंती उठल्या. गाळ दरवर्षी काढला जातो, आणि त्या गाळाच्या कंत्राटांतल्या गैरव्यवहारावरून २०२५ साली गुन्हाही नोंदला गेला.

सध्याचं सर्वांत मोठं काम जमिनीखाली आहे. बापट नाला आणि सफेद पूल नाला हे मिठीला सर्वाधिक घाण देणारे दोन नाले. सफेद पूल तर साकीनाक्याचाच. त्यांचं कोरड्या दिवसांतलं सांडपाणी आता ६.७ किलोमीटरच्या बोगद्यानं धारावीच्या प्रक्रिया केंद्राकडं वळवायचं आहे. हे काम मला पटतं. मोडकांच्या पिढीनं केलं असतं तसंच हे आहे: पाण्याला उतार द्यायचा आणि जिथं जायला हवं तिथं नेऊन सोडायचं.

पण मग एक अडचण उभी राहते आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. सांडपाणी बोगद्यात गेलं की नोव्हेंबरपासून मिठीत वाहायला काहीच उरणार नाही, कारण तिचे दोन्ही उगम अजून बंदच आहेत. दोन भिंतींमधला कोरडा चर म्हणजे नदी नव्हे. तिथं पुन्हा कचरा आणि झोपड्या यायला दोन उन्हाळे पुरतील. यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. विहारचं पाणी पिण्यासाठी आहे, पण ते आज शहराच्या पुरवठ्याच्या अडीच टक्क्यांच्या आसपास. पवईचं तर पिण्यासाठी नाहीच, आणि त्या तलावाची क्षमता ५४५ कोटी लिटर आहे. तलावात येणारं सांडपाणी आधी थांबवून, उन्हाळ्यात रोज ठरावीक पाणी पवईतून मिठीत सोडण्याचा निर्णय महापालिका घेऊ शकते. वैतरणा, भातसा, कोयना या नद्यांकडून या उपनगरानं सत्तर वर्षं पाणी आणि वीज घेतली आहे. मिठीला तिचंच पाणी परत द्यायला एक दरवाजा आणि एक वेळापत्रक पुरेल. हे वेळापत्रक पुढच्या पावसाळ्याआधी जाहीर करावं, अशी साकीनाक्याच्या रहिवाशांनी आपापल्या नगरसेवकाकडं लेखी मागणी करावी.